शास्त्रीय संगीताचे ग्रंथ : कोणत्या क्रमाने आणि कसे वाचावेत?

मंद्र निषाद

गेली अकरा वर्षे मी सतार शिकतो आहे. तालीम नियमित होते, परंतु शिकताना मनात उठणारे सगळेच प्रश्न गुरुजींपुढे ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय हाताचे काम मी करून घेईन, बाकीचे तुमचे तुम्ही वाचा, असे त्यांनीच पहिल्या वर्षी सांगून ठेवले होते. त्याप्रमाणे मी वाचू लागलो आणि सुरुवातीलाच चुकलो. संगीतशास्त्राचा उगम भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, तेव्हा आरंभही तेथूनच करावा, असे मला वाटले. नाट्यशास्त्राचा अठ्ठाविसावा अध्याय उघडला, बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांची, ४-३-२-४-४-३-२ ही सात स्वरांतली वाटणी पाढ्यासारखी पाठ केली आणि दोन महिन्यांनी ग्रंथ मिटून ठेवला. पाठ केलेल्या आकड्यांचा माझ्या सतारीशी काय संबंध आहे, हे मला एकाही पानावर कळले नव्हते.

तो संबंध कळला तो बऱ्याच वर्षांनी, आणि तोही पुस्तकातून नव्हे. सतारीचे पडदे सैल होऊन सरकले होते आणि ते पुन्हा बसवायचे होते. कानाने लावण्याआधी मी सहज मोजपट्टी घेतली. माझ्या सतारीवर घोडीपासून, म्हणजे तारेच्या खालच्या आधारापासून, मेरूपर्यंत, म्हणजे वरच्या आधारापर्यंत, बाजाची (मुख्य) तार बरोबर ९० सेंटिमीटर भरते. ही तार मंद्र मध्यमात लावलेली असते, म्हणून षड्जाचा पडदा तारेच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे घोडीपासून ६० सेंटिमीटरवर यायला हवा, आणि तो तेथेच आला. प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटर मेरूच्या बाजूला आला, कारण तार पडद्यावर दाबली की तिचा ताण वाढून स्वर किंचित चढतो. मध्यम ४५वर, पंचम ४०वर आणि तार षड्ज ३०वर मिळाला. त्याच आठवड्यात सतराव्या शतकातल्या अहोबलाच्या ‘संगीत पारिजात’ या ग्रंथाविषयी वाचनात आले. अहोबलाने स्वरांच्या जागा तारेच्या लांबीने सांगितल्या आहेत. दोन षड्जांच्या मधोमध मध्यम, आणि षड्ज व पंचम यांच्या मधोमध गांधार, असे तो म्हणतो. मी ६० आणि ४० यांच्या मधोमध, म्हणजे ५०वर बोट ठेवून तार छेडली, तर आपला कोमल गांधार वाजला. अहोबलाचा शुद्ध गांधार म्हणजे आपला कोमल गांधार, आणि म्हणून त्याचे शुद्ध सप्तक आपल्या काफीच्या, म्हणजे गांधार-निषाद कोमल असलेल्या सप्तकाच्या, जवळचे, हे वाक्य मी आधी तीन पुस्तकांत वाचले होते. ते खरे आहे असे मला त्या दिवशी प्रथम वाटले.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. शास्त्राचा ग्रंथ वाद्य शेजारी ठेवून वाचायचा आणि जे विधान तारेवर पडताळता येईल ते पडताळल्याशिवाय पुढचे पान उलटायचे नाही. दुसरा नियम असा की इतिहास आपल्या काळापासून मागे मागे जात वाचायचा. आधी विसावे शतक, मग त्याच्या आधीचे, आणि भरत सर्वांत शेवटी. या चर्चामंचावरच्या जाणकारांना हा क्रम कसा वाटतो? तसेच वादनतंत्रावरच्या पुस्तकांचा खरा उपयोग कोणाला आणि कितपत झाला, हेही जाणून घ्यायचे आहे. कृपया केवळ नावांची यादी देऊ नये. प्रत्येक पुस्तकाने आपल्याला काय दिले ते लिहावे.

जुनी वही

आपला क्रम मला पटतो आणि त्याचा पहिला टप्पा निर्विवादपणे पंडित विष्णु नारायण भातखंडे हाच असावा असे माझे मत आहे. मराठी वाचकाचे भाग्य असे की त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा मुख्य ग्रंथ मुळातच मराठीत लिहिलेला आहे. तो १९१० ते १९३२ या काळात प्रसिद्ध झाला. गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात तो लिहिला असल्यामुळे आपल्या मनात येणारी शंका दोन ओळींनंतर शिष्यच विचारतो. भातखंडे व्यवसायाने वकील होते आणि ते पानोपानी जाणवते. एखाद्या रागाविषयी चार ग्रंथकार काय म्हणतात, गवय्ये प्रत्यक्षात काय गातात, दोहोंत विरोध असेल तर ग्राह्य काय धरायचे, ही सारी तपासणी ते साक्षीपुराव्यासारखी करतात. शास्त्राने लक्ष्याच्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रचारातल्या गायनाच्या, मागून चालावे, ही त्यांची भूमिका आहे. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या त्यांच्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच ती आलेली आहे.

दहा थाटांची, म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठीच्या सात स्वरांच्या साच्यांची, त्यांची व्यवस्था आज परीक्षेपुरती पाठ केली जाते, हे मला खटकते, कारण तिचे मर्म तिच्या अडचणींत आहे. भूपाली आणि देशकार यांचे स्वर तेच पाच आहेत, सा रे ग प ध. तरीही भातखंडे भूपालीला कल्याण थाटात आणि देशकाराला बिलावल थाटात घालतात. ज्या दोन रागांत मध्यमही नाही आणि निषादही नाही, त्यांचा थाट कशावरून ठरवला? उत्तर असे की केवळ स्वरांच्या गणतीवरून नाही, तर चलनावरून, म्हणजे स्वर कसे फिरतात त्यावरून, आणि अंगावरून, म्हणजे सप्तकाच्या कोणत्या अर्ध्यावर भर आहे त्यावरून. भूपालीत गांधारावर बैठक आहे आणि चाल पूर्वांगाची आहे. देशकार धैवतावर उभा राहतो आणि उत्तरांगात खुलतो. पटदीपाची अडचण याहून मोठी आहे, कारण केवळ गांधार कोमल आणि बाकीचे सगळे स्वर शुद्ध असा थाट या दहांत नाहीच. वाचकाने अशा ठिकाणी थांबावे आणि ते राग गाऊन किंवा वाजवून पाहावेत. थाटपद्धती कोठे उपयोगी पडते आणि कोठे तिची मर्यादा येते, हे मग कोणी सांगावे लागत नाही.

‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग बंदिशींसाठी आहेतच, परंतु नव्या वाचकाला लिपीविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू असेल तर तो तार सप्तकातला आणि पायाशी असेल तर मंद्रातला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र दाखवतो आणि तार सप्तकासाठी उभी रेघ असते. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, खूण भातखंड्यांकडे ×, तर पलुस्करांकडे १. ‘खाली’ची, म्हणजे तालातल्या टाळीविना भागाची, खूण भातखंड्यांकडे शून्य, तर पलुस्करांकडे +. मी एका जुन्या वहीतली मालकंसाची बंदिश तीन दिवस वरच्या सप्तकात बसवत होते. मुखडा गळ्यात बसेना, म्हणून माझा आवाजच कमी पडतो आहे असे मी धरून चालले होते. चौथ्या दिवशी गुरुभगिनीने वही पाहिली आणि तालाच्या खुणांकडे बोट दाखवले, तेव्हा लिपी पलुस्करांची आहे हे लक्षात आले. तेव्हापासून कोणतेही जुने स्वरलेखन हाती आले की मी आधी समेची खूण शोधते.

रत्नाकर-वाचक

मंद्र निषाद यांच्या पहिल्या नियमाशी मी पूर्ण सहमत आहे, दुसऱ्याशी मुळीच नाही. इतिहास उलट्या दिशेने वाचला की आजच्या शब्दांचे आजचे अर्थ आपण नकळत मागे घेऊन जातो आणि जुना ग्रंथ आपल्याला चुकीचा कळतो. तो मुळीच न कळण्यापेक्षा हे अधिक वाईट, असे मी म्हणेन.

‘वादी’ हा एकच शब्द घ्या. आज वादी म्हणजे रागातला प्रमुख स्वर, आणि परीक्षेच्या वहीत प्रत्येक रागापुढे वादी-संवादी लिहिलेले असतात. भरताकडे मात्र संवाद हे दोन स्वरांमधल्या अंतराचे नाव आहे. ज्या दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असते ते परस्परांचे संवादी. म्हणजे आपण ज्याला षड्ज-मध्यम भाव आणि षड्ज-पंचम भाव म्हणतो तेच ते. रचनेतल्या प्रमुख स्वराला भरत ‘अंश’ म्हणतो आणि त्या अंशाची लक्षणे स्वतंत्रपणे सांगतो. भातखंडे आधी वाचून भरताकडे गेलेला वाचक ‘वादी’ शब्द दिसताच आजचा अर्थ लावतो आणि मग अख्खा अध्याय त्याला विसंगत वाटतो. ‘शुद्ध’ या शब्दाचेही तेच, आणि ते तर आपण स्वतः मोजपट्टीने सिद्ध केले आहे.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते सर्वांत जास्त घोटाळा करते. बावीस श्रुतींची वाटणी भरत आणि भातखंडे या दोघांकडेही तीच आहे. पण भरत प्रत्येक स्वर त्याच्या वाट्याच्या शेवटच्या श्रुतीवर ठेवतो, म्हणजे षड्ज चौथ्या श्रुतीवर, ऋषभ सातव्या, गांधार नवव्या. भातखंडे स्वराला त्याच्या वाट्याच्या पहिल्या श्रुतीवर ठेवतात. आकडे तेच, पण खुंटी दुसऱ्या टोकाला ठोकली, आणि तेवढ्याने काफीसारखे सप्तक बिलावलासारखे, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असलेले, झाले. हा बदल भातखंड्यांनी प्रचारातल्या संगीताशी जुळवून घेण्यासाठी केला आणि त्यांच्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. मात्र उलट्या क्रमाने वाचणाऱ्याला हा बदल बदल म्हणून दिसतच नाही.

माझा आग्रह शारंगदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’साठी आहे, कारण तो दोन काळांच्या मधल्या उंबऱ्यावर उभा आहे. तेराव्या शतकात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने, म्हणजे आपल्याच मुलखात तो लिहिला गेला, ही गोष्ट आपण मराठी लोकांनी तरी विसरू नये. त्याचे सात अध्याय स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे आहेत. कल्लिनाथाची आणि सिंहभूपालाची टीका सोबत असली की मूळ श्लोकांचा संक्षेप अडवत नाही. ग. ह. तारळेकर यांचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. ज्यांना इंग्रजी चालते त्यांनी आर. के. शृंगी आणि प्रेमलता शर्मा यांचे भाषांतर त्याच्या टिपांसाठी अवश्य पाहावे.

पहिल्यांदा वाचणाऱ्याने आरंभ प्रकीर्णकाध्यायाने करावा. गायकाचे गुण-दोष, आवाजाचे प्रकार, गमकांचे, म्हणजे स्वर हलवण्याच्या रीतींचे, पंधरा भेद, आलप्ती (आलाप) कशी करावी, हे सारे तेथे आहे. तो वाचताना सातशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याच बैठकीत बसून ऐकतो आहे असे वाटते. वादकांनी त्यानंतर वाद्याध्यायाकडे वळावे. एकतंत्रीपासून एकवीस तारांच्या मत्तकोकिलेपर्यंत आणि पडदे असलेल्या किन्नरीपर्यंत वीणांचे वर्णन आहे, आणि उजव्या व डाव्या हाताच्या क्रियांना स्वतंत्र नावे आहेत. वादनतंत्राचे लेखन आपल्याकडे अलीकडे सुरू झाले, ही समजूत तो अध्याय वाचल्यावर टिकत नाही.

कोरा तबला

तंत्राच्या पुस्तकांविषयी तबल्याच्या बाजूने लिहितो.

मराठीत या विषयावर दोन भक्कम ग्रंथ आहेत. अरविंद मुळगावकर यांचा ‘तबला’ आणि सुधीर माईणकर यांचा ‘तबलावादन : कला आणि शास्त्र’. मुळगावकर हे उस्ताद अमीर हुसेन खाँ यांचे शिष्य, त्यामुळे त्यांच्या पुस्तकात परंपरेने आलेली रचना आणि तिच्यामागची घराण्याची दृष्टी एकत्र मिळते. माईणकरांचे लेखन विश्लेषणाकडे झुकणारे आहे. कायदा हा रचनाप्रकार म्हणजे नेमके काय, पेशकार किंवा रेला या दुसऱ्या रचनाप्रकारांपासून तो कोठे वेगळा होतो, विस्तारात कोणती मर्यादा पाळायची, याची उत्तरे मला तालमीत अनेक वर्षे अर्धवट मिळाली होती. त्यांच्या ग्रंथात ती मांडून दिलेली आहेत. हिंदीत आबान मिस्त्री यांचा पखावज आणि तबला यांच्या घराण्यांवरचा ग्रंथ इतिहासासाठी मोलाचा आहे.

असे असूनही मी विद्यार्थ्यांना पहिली तीन वर्षे पुस्तक हातात घेऊ देत नाही. कारण निकास, म्हणजे बोल हाताने काढण्याची रीत, लिहिता येत नाही. दिल्लीचा सर्वांना ठाऊक असलेला कायदा घ्या.

धा धा ति ट धा धा तू ना
ता ता ति ट धा धा धी ना

कागदावर हे सोळा बोल आहेत आणि ते पाठ व्हायला पाच मिनिटे पुरतात. यातला ‘ति ट’ दिल्ली बाजात, म्हणजे वादनशैलीत, मधल्या बोटाने आणि तर्जनीने वाजतो. दुसऱ्या बाजात त्यातल्या ‘ति’साठी बोटे जोडून शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळावर, पडतात. ‘धा’ चाटेवर, म्हणजे काठावर, घ्यायचा की लवेवर, म्हणजे काठ आणि शाई यांच्या मधल्या भागावर, हे घराण्याप्रमाणे बदलते आणि त्याबरोबर सबंध कायद्याचा नाद बदलतो. ‘चाट’ हा शब्द पुस्तकात असतो, आकृतीही असते. पण बोट चाटेवर पडून उठताना अनामिका शाईच्या कडेवर किती हलकी टेकलेली असावी, ती थोडी जड झाली तर ‘ना’ कसा बसतो आणि थोडी उचलली गेली तर तो कसा फाटतो, हे कानाशी तबला ठेवूनच कळते. चुकीच्या हाताने दहा हजार वेळा घोटलेला ‘ति ट’ दुरुस्त करायला त्याच्या दुप्पट काळ लागतो. माझा स्वतःचा हात असा बिघडला होता आणि तो सुधारताना मला दीड वर्ष दुसरे काहीही वाजवता आले नाही, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

शास्त्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रत्येक तबलजीने जाणून घ्यावी. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशी पूर्णांकी पटीत नसतात, म्हणूनच बहुतेक चर्मवाद्यांना निश्चित स्वर नसतो. शाईच्या वजनामुळे हे उपस्वर जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात आणि तबला, पखावज किंवा मृदंग सुरात मिळवता येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये यावर लिहिले आणि पुढेही या प्रश्नावर काम केले. ते वाचल्यानंतर शाई लावणाऱ्या कारागिराच्या हाताकडे मी वेगळ्या आदराने पाहू लागलो. तो थरावर थर देत दगडाने घासतो आणि मधूनमधून बोट मारून ऐकतो, तेव्हा उपस्वर जुळवण्याचेच काम करत असतो.

मंद्र निषाद

रत्नाकर-वाचक यांचा ‘वादी’चा मुद्दा मी मान्य करतो. तो मला ठाऊक असता तर नाट्यशास्त्र मिटून ठेवण्याची वेळ कदाचित आली नसती. तरीही क्रम बदलावा असे मला अजून वाटत नाही. जुना अर्थ समजण्यासाठी नवा अर्थ आधी हातात हवा, कारण आपण त्याच भाषेत तालीम घेतो. फरक कळायला दोन्ही बाजू लागतात आणि त्यांतली एक बाजू आपल्याकडे आधीच आहे. मात्र यापुढे प्रत्येक जुन्या ग्रंथापाशी आलो की त्याचे शब्द कोरे धरून वाचायचे, एवढी दुरुस्ती माझ्या नियमात करतो.

कोरा तबला यांनी निकासाविषयी लिहिले ते सतारीलाही लागू आहे. भगवतशरण शर्मा यांच्या ‘सितार मालिके’सारख्या हिंदी पुस्तकांतून मसीतखानी गतीचा, म्हणजे विलंबित लयीतल्या वाद्यरचनेचा, साचा सर्वांनी पाहिला असेल. दिर दा दिर दा रा, दा दा रा. हा साचा बाराव्या मात्रेपासून उठतो, ‘दा दा रा’तला पहिला ‘दा’ समेवर येतो आणि सोळा मात्रांत साचा दोनदा फिरतो. बोल आणि मात्रा पुस्तक चोख सांगते. नखी आतल्या बाजूला येते तो ‘दा’ आणि बाहेर जाते तो ‘रा’, हेही सांगते. सरोदवर हीच दिशा उलटी असते, हे मला एका सरोदियाशेजारी बसेपर्यंत माहीत नव्हते, आणि तोवर त्याच्या वाद्याच्या पुस्तकातले वर्णन मला छापण्याची चूक वाटत होते. पण पहिल्या ‘दिर’चे वजन किती हलके ठेवायचे, म्हणजे समेवरचा ‘दा’ आपोआप उभा राहील, हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

याच संदर्भात एका जुन्या ग्रंथाचा उल्लेख करायलाच हवा. सोमनाथाचा ‘रागविबोध’ हा १६०९चा आहे. त्याच्या पाचव्या विवेकात, म्हणजे प्रकरणात, वीणेवर वाजवायची रागरूपे स्वरलिपीत दिली आहेत आणि आघात, घसीट, कंप अशा वादनक्रियांसाठी विसाहून अधिक चिन्हे योजली आहेत. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाला असे वाटले की केवळ सा रे ग लिहून भागत नाही, बोट तारेवर काय करते तेही लिहिले पाहिजे. भातखंडे लिपीत मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाण्यासाठी, एक कमान असते. सोमनाथाची चिन्हे पाहिल्यावर ती कमान मला फार थोडी वाटू लागली. अर्थात भातखंड्यांना हजारो विद्यार्थ्यांच्या हाती जाईल अशी सोपी लिपी हवी होती आणि ती त्यांनी दिली. कर्नाटक संगीतात मात्र सुब्बराम दीक्षितांनी १९०४च्या ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’त गमकांची चिन्हे स्वरांसोबत छापली. त्याच वर्षी भातखंडे दक्षिणेच्या प्रवासात त्यांना भेटले होते. त्या भेटीचा विचार मी अनेकदा करतो.

दुपारचा सारंग

इतिहासाविषयी अजून कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात.

ॲलिन मायनर यांचे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या सतार-सरोदावरचे इंग्रजी पुस्तक वादकांनी टाळू नये. सतार अमीर खुसरोने निर्माण केली ही कथा आपण सर्वांनी शाळेत लिहिली आहे. चौदाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात वारलेल्या खुसरोच्या लेखनात तिला आधार नाही. सतार हे नाव दिल्लीच्या फारसी लेखनात दिसू लागते ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि मायनर तिचा संबंध त्या काळातल्या खुसरो खाँ नावाच्या दुसऱ्याच एका वादकाशी जोडतात. नावाच्या सारखेपणाने चारशे वर्षांचे अंतर पुसले गेले. जानकी बखले यांचे भातखंडे आणि पलुस्कर यांच्यावरचे पुस्तक २००५चे आहे. त्यातले काही निष्कर्ष मला कठोर वाटतात. विशेषतः मुसलमान उस्तादांविषयी या दोघांची भूमिका काय होती, या प्रकरणाशी मी अनेकदा मनातल्या मनात भांडले आहे. पण कागदपत्रांचा त्यांनी घेतलेला शोध पाहता त्या पुस्तकाला वगळून या विषयावर बोलता येणार नाही.

मराठीत वामनराव देशपांडे यांची ‘घरंदाज गायकी’ हे माझे सर्वांत आवडते पुस्तक आहे. स्वर आणि लय यांपैकी कोणत्या अंगाकडे कोणते घराणे किती झुकते, या एकाच कसोटीवर ते सगळी घराणी लावून दाखवतात. किराणा एका टोकाला, आग्रा दुसऱ्या टोकाला आणि जयपूर मध्यावर. लेखकाचा ओढा जयपूरकडे आहे आणि तो लपवलेला नाही, म्हणून वाचक सावधपणे वाचू शकतो. गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ हा याच्या आधी वाचावा. पेटीवर बसून त्यांनी जे गायक ऐकले, त्यांच्या गाण्याचे वर्णन करताना त्यांना मराठी शब्द कोठेही अपुरे पडलेले नाहीत. अशोक दा. रानडे यांचे लेखन त्या मानाने अवघड आहे. त्यांच्या संज्ञा सवयीच्या व्हायला वेळ लागतो, पण त्या एकदा सवयीच्या झाल्या की ऐकणे बदलते.

जुनी वही

‘घरंदाज गायकी’ वाचताना त्या त्या घराण्याचे ध्वनिमुद्रण शेजारी लावावे, असे मी सुचवीन. मंद्र निषाद यांच्या पहिल्या नियमाचेच ते श्रोत्यासाठीचे रूप आहे. रागस्वरूपांसाठी योप बोर यांचे ‘द राग गाइड’ याच पद्धतीने तयार केलेले आहे. चौऱ्याहत्तर राग आणि प्रत्येकाचे छोटे ध्वनिमुद्रण सोबत. हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्ता, श्रुती सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास यांनी ते राग काही मिनिटांत उभे केले आहेत. रागाचा गाभा किती थोड्या वेळात सांगता येतो, हे त्यावरून शिकण्यासारखे आहे.

गज आणि राळ

मी व्हायोलिन शिकते, त्यामुळे माझ्या वाद्याला पडदे नाहीत. मोजपट्टीचा प्रयोग मला कसा करता येईल? आणि बावीस श्रुती खरोखर ऐकता येतात का, याचे सरळ उत्तर कोणी देईल का?

रत्नाकर-वाचक

प्रयोग आपल्यालाही करता येईल. बोटाखाली तारेशेजारी कागदाची बारीक पट्टी लावा, कानाने स्वर मिळवून खूण करा आणि मग घोडीपासून मोजा. उलट पडदे नसल्यामुळे आपले माप अधिक प्रामाणिक असेल, कारण जागा आधीच कोणी ठरवून दिलेली नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी भरताचाच प्रयोग सांगतो. सारख्या दोन वीणा घ्यायच्या, एक अचल म्हणजे ध्रुववीणा आणि दुसरी चलवीणा. दोन स्वरमंडळे (गायक मांडीवर घेऊन छेडतात ते बहुतारी वाद्य) घेतली तरी चालते. मी तसेच केले. दोन्ही षड्जग्रामात, म्हणजे वर आलेल्या ४-३-२-४-४-३-२ या वाटणीत, तंतोतंत एकसारखी लावायची. मग चलवीणेचा पंचम इतकाच उतरवायचा की त्याचा ऋषभाशी नऊ श्रुतींचा संवाद जुळेल, आणि बाकीचे सहा स्वरही तेवढेच उतरवायचे. ही पहिली सारणा, म्हणजे उतरवण्याची फेरी. सगळे पुन्हा एक श्रुती उतरवले की चलवीणेचे गांधार आणि निषाद हे ध्रुववीणेच्या ऋषभ आणि धैवताशी मिळतात. तिसऱ्या सारणेत ऋषभ आणि धैवत हे षड्ज आणि पंचमाशी मिळतात. चौथीत पंचम, मध्यम आणि षड्ज हे मध्यम, गांधार आणि निषादाशी मिळतात. आता मोजा. दोन स्वर दोन-दोन श्रुतींनी मिळाले त्या चार, दोन स्वर तीन-तीनांनी मिळाले त्या सहा, तीन स्वर चार-चारांनी मिळाले त्या बारा. एकूण बावीस. ४-३-२-४-४-३-२ हा पाढा याच प्रयोगातून आलेला आहे.

प्रत्येक सारणेत उतरवण्याचे माप सारखेच पडत नाही, हे करताना आपल्याला जाणवेल. त्यावर श्रुतींचे अभ्यासक क. ब. देवल यांच्यापासून आजपर्यंत पुष्कळ वाद झाले आहेत. आधी प्रयोग करा आणि मग ते वाद वाचा.

मंद्र निषाद

आपला प्रतिसाद वाचून काल रात्री दोन स्वरमंडळे घेऊन बसलो. एक माझे आहे आणि दुसरे शेजारच्या गायिका ताईंकडून मागून आणले. दोन्ही एकसारखी लावण्यातच दीड तास गेला. पहिल्या सारणेनंतर चलवीणेचा एकही स्वर ध्रुववीणेच्या कोणत्याही स्वराशी मिळत नव्हता आणि दोन्ही एकदम छेडली की कान दुखावत होता. आपण चुकलो असे वाटून मी खुंट्या पुन्हा वर घेणार होतो, पण ताई म्हणाल्या की पुढची सारणा तरी करून पाहा. दुसऱ्यांदा उतरवताना इकडच्या गांधाराची तार तिकडच्या ऋषभाच्या जवळ सरकू लागली, दोघींमधली थरथर संथ होत गेली आणि एका क्षणी थांबली. ताईंनी तेव्हाच निषाद छेडून पाहिला, आणि तोही धैवताशी मिळालेला होता.

तिसरी आणि चौथी सारणा रविवारी करणार आहोत. दोन्ही वाद्ये तशीच झाकून ठेवली आहेत.